सरकी नाही म्हणते

मारेगावच्या पंजाबरावांकडे दिवाळीनंतर जो कोणी आला, तो मागच्या दाराने आला. समोरच्या दाराआड कापूस होता.

आधी तो खिडकीच्या गजांपर्यंत होता. मग दुसऱ्या वेचणीचा आला आणि लाइटची बटणं दिसेनाशी झाली, तेव्हापासून हॉलमधला पंखा जसा बंद होता तसाच राहिला. तिसऱ्या वेचणीत भिंतीवरचं घड्याळ अर्धं बुडालं. टीव्ही स्वयंपाकघरात आला, बुद्धाची मूर्ती मुलीच्या, साधनाच्या खोलीत गेली, आणि सोफा कुठे आहे हे फक्त सोफ्याला माहीत होतं.

घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्या दिवसांत माणसं उजव्या हाताने चहा पितात आणि डाव्या हाताने मान खाजवतात. पाहुणा खाजवताना दिसला की लोक तब्येत विचारत नाहीत, "औंदा किती झाला?" असं विचारतात. त्यामुळे पंजाबरावांची मांजर मागचा पाय उचलून दिवसभर कान खाजवत होती, तरी त्यात कुणाला नवल वाटलं नाही. घरातले सगळेच खाजवत होते.

मांजरीचं नाव सरकी. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. ढिगावर झोपली की दिसायची नाही. डोळे उघडले की कापसाला डोळे फुटल्यासारखं वाटायचं.

पंजाबरावांच्या बायकोला, सत्यभामाला, कापूस हलवायचा होता आणि तोही फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारच्या आत. त्या रविवारी साधनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मुलगा मुकुटबनचा, संघदीप, वीज मंडळात. कार्यक्रम मुलीच्या घरी ठरला होता. मंगल कार्यालय घ्या, असं दोघातिघांनी सुचवलं, तेव्हा सत्यभामाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत. त्या हॉलच्या फरश्या तिने स्वतः पांढरकवड्याला जाऊन निवडल्या होत्या. फरश्या अजून खोक्यातच होत्या, तेव्हाच तिने त्यांच्यावर हार घातलेली साधना पाहून ठेवली होती. आता हॉल होता, साधना होती, आणि मध्ये छतापर्यंत कापूस होता.

"अहो, इकून टाका ना तो," ती म्हणायची.

"भाव चढू दे."

"पोरीचं साक्षगंध काय ढिगावर चढून करायचं?"

"चढन भाव. सरकी नाही म्हणून राह्यली, म्हणजे काहीतरी असन."

हे सरकीचं प्रकरण जानेवारीत सुरू झालं. एका सकाळी पंजाबराव चहाचा कप घेऊन ढिगासमोर उभे होते आणि स्वतःशीच म्हणाले, "काय करावं? इकू का?" ढिगावर बसलेल्या सरकीने जोरात मान हलवली. कान फटफट वाजले. पंजाबरावांनी कप खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी विकला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भाव जरासा वर सरकला. तेव्हापासून रोज चहाच्या वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

अडचण अशी की पंजाबराव हे तालुक्यात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे म्हणून ओळखले जात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांचं भाषण ठरलेलं असे. साधना शाळेत विज्ञान शिकवायची. तिने एक दिवस बापाला चहाच्या वेळी गाठलंच.

"बाबा, स्टेजवरून लोकाईले काय सांगता, आणि घरी मांजरीले कौल लावता?"

"मी मानत नाही," पंजाबराव शांतपणे म्हणाले. "मी फक्त विचारतो. विचारायले काय लागते?"

साधनाने मग त्यांच्यासमोरच प्रयोग केला. सरकीसमोर वाकून तिने विचारलं, "कापूस ठेवू का?" सरकीने मान हलवली. साधनाने विजयी मुद्रेने बापाकडे पाहिलं.

"तिले भंडावू नको," पंजाबराव म्हणाले. "दिवसातून एकच प्रश्न. दुसऱ्याले तिचं डोकं चालत नाही."

गोष्ट पानटपरीवर गेली. मग मागच्या दाराने लोक येऊ लागले. एकाने तूर विचारली, एकाने जावयाची बदली. एक जण जिल्हा परिषदेला उभं राहू का म्हणून विचारायला आला होता. सरकीने एवढी मान हलवली की तिचा तोल जाऊन ती ढिगावरून घसरत त्याच्या पायांशी आली. त्याने अर्ज भरला नाही, आणि सरकीचं नाव आणखी मोठं झालं. कुणालाही कधी होकार मिळाला नाही. पण नकार ऐकून माणसं समाधानाने परत जात होती, कारण बहुतेकांना काहीच करायचं नव्हतं आणि त्यासाठी त्यांना कारण हवं होतं.

सत्यभामा हे सगळं पाहत होती आणि दंड खाजवत होती. खाजवता खाजवताच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कापसाची खाज कापूस लागतो तिथे येते. तिचे हात खाजत, पंजाबरावांची मान खाजे, साधनाच्या पोटऱ्या. सरकी तर अख्खी कापसात लोळायची. मग तिचं पोट का खाजत नाही? पाठ का नाही? फक्त कानच का?

तिने सरकीला मांडीवर घेऊन कान उलटा केला. आत काळं काहीतरी साचलं होतं, गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. घाण वास येत होता. कानामागे नखांनी ओरबाडून जखम झाली होती. सत्यभामाचं बोट लागताच सरकी गुरगुरली आणि मान हलवली. फटफट.

"कांदा भाजून त्याचा रस टाक," शेजारच्या हंसाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "नाहीतर लसणाचं तेल. कोमट."

"तुमच्या कानात टाकू का आधी?"

"माह्या कानाले काय झालं?"

"तिच्या कानाले काय झालं हे तरी कुठं माहीत हाये?"

सत्यभामाला मांजरीची दया आली, हे खरं. पण दयेच्या मागोमाग दुसरा एक विचार आला आणि तो दयेला मागे टाकून पुढे गेला. कान बरा झाला की मान हलणार नाही. मान हलली नाही की नकार नाही. आणि नकार नाही, तर कापूस कशासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या दोन टोपल्या एकमेकींवर उपड्या घालून, जुन्या साडीच्या काठाने बांधून, तिने सरकीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिच्या पुढे दोन बैल, एक म्हैस आणि शिंकणारी शेळी होती. बैलवाल्याने टोपलीत वाकून पाहिलं.

"हे पंजाबरावची सरकी होय ना?" तो हळूच म्हणाला. "मावशी, एकच विचारू का? हा बैल ठेवू का—"

"विचारू नको. ती सुट्टीवर हाये."

डॉक्टरीण प्रेरणा तरुण होती, आणि गुरांच्या रांगेत मांजर आलेली पाहून तिला बरंच वाटलं. तिने सरकीला टॉवेलात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर ठेवलं, आणि दिव्याच्या नळीने कानात पाहिलं. कापसाच्या बोळ्यावर थोडा काळा मळ घेऊन काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक सत्यभामाकडे सरकवला.

"पाहा काकू."

सत्यभामाने एक डोळा मिटून पाहिलं. पांढुरके, पुष्कळ पायांचे गोल गोल जीव वळवळत होते. ती मागे सरली आणि नकळत स्वतःचा कान खाजवू लागली.

"एवढे? हे कानात?"

"कानातलेच किडे आहेत हे. मळ खातात, अंडी घालतात. म्हणून ती मान झटकते."

"म्हणजे ती नाही म्हणत नाही?"

"काय नाही म्हणत नाही?"

"काही नाही. पुढं सांगा."

प्रेरणाने आधी कानाचा पडदा शाबूत असल्याची खात्री केली, मग औषध टाकून मळ सैल केला आणि कान पुसून काढले. मानेवर केस बाजूला करून एका थेंबाचं औषध लावलं. मग बजावून सांगितलं. रोज उजेडात कान पाहायचा. काळं कमी होतं का, वास जातो का, लाली उतरते का. दिसेल तेवढंच पुसायचं, काडी आत घालायची नाही. तेल, रस, काही नाही. मान एका बाजूला कलली, चालताना झोकांड्या गेल्या किंवा कानाची पाळी भज्यासारखी फुगली, तर वाट न पाहता परत आणायचं.

"आणि पुढच्या महिन्यातला डोस चुकवू नका. आज किडे मरतील, पण अंडी राहतात."

"बोंडअळीसारखं," सत्यभामा म्हणाली. "पहिल्या फवाऱ्यानं अळी मरते, अंडी राह्यते."

"तसंच."

एवढ्यात दारातल्या म्हशीने शेपटी मारली आणि स्टीलचा ट्रे खणखणत खाली पडला. बैल दचकले. शेळी शिंकायची थांबली. सत्यभामा टेबलाला धरून उभी राहिली. सरकीने पापणीही हलवली नाही.

प्रेरणाने ते टिपलं. तिने ट्रे उचलला, सरकीच्या मागे उभं राहून मुद्दाम पुन्हा टाकला. सरकी टॉवेलात निवांत बसली होती.

"काकू, हाक मारली की ही येते का?"

"मांजर कधी येते का हाक मारून?"

"तेही खरं. पण पांढरं अंग आणि निळे डोळे असलेल्या मांजरी बऱ्याचदा जन्मापासून बहिऱ्या असतात. कान साफ झाल्यावर घरी तपासा. मला वाटतं, हिला कधीच काही ऐकू आलेलं नाही."

सत्यभामाने परतीच्या रिक्षात टोपली मांडीवर घट्ट धरली होती आणि ती एकटीच हसत होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. तुरीचा प्रश्न, जावयाच्या बदलीचा प्रश्न, जिल्हा परिषद, सगळे प्रश्न त्या दोन कानांवर आपटून परत गेले होते. अख्ख्या गावाचा सल्लागार ठार बहिरा होता.

तिने घरी येताच पंजाबरावांना सांगितलं.

"बहिरी हाये म्हणते तू?"

"जन्माची."

"मंग तर चांगलंच हाये. तिच्यावर कोनाचा दबाव नाही."

सत्यभामाने कपाळाला हात लावला. पण तिचा भरवसा बोलण्यावर नव्हता, औषधावर होता. रोज दुपारी उन्हात पायरीवर बसून ती सरकीचा कान उलटायची, मोबाइलची बॅटरी लावायची. चोथा कमी झाला, मग नुसती भुकटी उरली, मग आतली गुलाबी कातडी दिसू लागली. कानामागची जखम भरली आणि तिथे नवे केस आले. मधूनमधून ती सरकीच्या पाठीमागे ताट वाजवून पाहायची. ताट ऐकून हंसाबाई यायच्या, सरकी यायची नाही.

हे करता करता एक गंमत झाली. सत्यभामाने मांजर बरी करायला घेतली होती ती हॉलसाठी. पण पायरीवर बसल्यावर सरकी आपणहून मांडीत येऊन कान पुढे करू लागली, आणि कान पाहून झाला तरी सत्यभामा उठत नसे.

मान हलायची थांबली. पंजाबराव सकाळी कप घेऊन ढिगासमोर उभे राहिले आणि विचारलं, "इकू का?" सरकीने त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिने जांभई दिली.

"आता तर नाही म्हणत नाही ना ती?" सत्यभामाने विचारलं.

"नाही म्हणत नाही," पंजाबराव म्हणाले. "पण हो बी म्हणत नाही."

सत्यभामाने हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. एवढे किडे मारले आणि गाडी तिथेच.

रविवार चार दिवसांवर आला. दुसऱ्या डोसाचा दिवस उजाडला आणि सरकी सापडेना.

सत्यभामाने आधी साधनाची खोली पाहिली, मग गच्ची, मग तांदळाची कोठी. शेवटी हॉलच्या दारात येऊन ती थांबली. रात्रीतून खिडकीजवळचा ढीग कोसळला होता. सरकीने तिथे आत जायला बीळ केलं होतं. ते बीळ आता नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून पंजाबराव बनियनवरच धावत आले.

हाक मारून उपयोग नव्हता. ताट वाजवून उपयोग नव्हता. पांढऱ्या कापसात पांढरी मांजर, तीही बहिरी. पंजाबरावांनी ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

"काढा सगळा," सत्यभामा म्हणाली. "आत गुदमरन ती."

"काढून ठेवायचा कुठं? आभाळ भरून आलं हाये."

"कुठं बी ठेवा. काढा."

साधनाने तांड्यावरच्या धरमसिंगला फोन केला. तो ट्रॅक्टर आणि मोठी ट्रॉली घेऊन आला, तोवर आळी जमा झाली होती. समोरचं दार दिवाळीनंतर पहिल्यांदा उघडलं आणि कापूस आपणहून दोन पावलं बाहेर आला. मग साड्या पसरल्या गेल्या, गाठोडी बांधली गेली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. ट्रॉलीत चढून पोरं कापूस तुडवू लागली. प्रत्येक जण ओंजळ भरण्याआधी आत चाचपून पाहत होता आणि प्रत्येक जण "सरकी, सरकी" म्हणून ओरडत होता. ती बहिरी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ओरडत होते. सगळे शिंकत होते, सगळे खाजवत होते. हंसाबाईंच्या केसांत एवढा कापूस होता की एकाने चुकून त्यांच्या डोक्याला हात घातला.

"मी होय रे, मुडद्या."

"मावशी, मले वाटलं सापडली."

ढिगातून आधी घड्याळ मोकळं झालं, मग बटणं. कुणीतरी सवयीने पंख्याचं बटण दाबलं, आणि पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये कुणालाच काही दिसलं नाही. सोफा निघाला. सोफ्याखाली पंजाबरावांचा हरवलेला चष्मा निघाला. सरकी निघाली नाही.

सत्यभामा डोळ्यांतून पाणी पुसत, काही रडण्याचं आणि काही शिंकांचं, श्वास घ्यायला मागच्या बाजूने अंगणात आली आणि फिरून ट्रॅक्टरपाशी गेली.

गरम बॉनेटवर सरकी बसली होती. पंजा चाटत होती, तोच पंजा कानावरून फिरवत होती. इंजिन धडधडत होतं, वीस माणसं तिच्या नावाने ओरडत होती, आणि ती इतक्या शांततेत बसली होती जणू सगळं जग झोपलं आहे.

सत्यभामाने तिला उचलून छातीशी धरलं. तोंड उघडलं. मग तिने उघड्या दारातून आत पाहिलं. हॉल निम्मा रिकामा होता. कोपऱ्यात तिच्या फरश्या चमकत होत्या.

तिने तोंड मिटलं.

पदराखाली सरकीला घेऊन ती मागच्या दाराने साधनाच्या खोलीत गेली, मानेवरचे केस बाजूला करून डोस लावला, बुद्धाच्या मूर्तीकडे एकदा पाहून नजर खाली केली, बाहेरून कडी घातली आणि हॉलमध्ये येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली, "सरके, कुठं हायेस वं?"

संध्याकाळपर्यंत शेवटचं बोंड ट्रॉलीत गेलं. लोक हळहळले. आभाळ गुरगुरलं.

"आता हा उतरवायचा कुठं?" पंजाबरावांनी विचारलं.

"भरलेली गाडी मी तशीच उतरवत नाही, दादा," धरमसिंग म्हणाला. "चांगलं नसते ते."

"मी मानत नाही असलं काही."

"मी बी मानत नाही. पण पाणी आलं त कापसाची गोधडी होईन. कापूस घेनारं जिनिंग चार कोसावर हाये. बसता का?"

पंजाबरावांनी रिकाम्या हॉलकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं, आणि कुणालाही काही न विचारता ट्रॅक्टरवर बसले.

ते परत आले तेव्हा सत्यभामा हॉलमध्ये फरशी पुसत होती आणि सरकी ओल्या फरशीच्या कडेला बसून पुसणं पाहत होती.

"सापडली?" पंजाबराव म्हणाले.

"सापडली. घरातच होती."

"हो का." त्यांनी चप्पल काढली. "धरमसिंगच्या बॉनेटवर होती. गाडी आली तवाच पाह्यली मी तिले."

सत्यभामाचा हात थांबला. "मंग बोलले काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली? पदराखाली घेऊन जाताना पाह्यलं मी तुले."

पंजाबराव उंबऱ्यावर टेकले.

"टपरीवर सांगून बसलो होतो ना," पंजाबराव मान खाजवत म्हणाले, "भाव चढल्याशिवाय बोंड हलनार नाही म्हणून. मले कधीचं वाटून राह्यलं होतं, इकून टाकावं. आता कोनी विचारलं त सांगता येते, मुक्या जिवासाठी काढला."

सत्यभामाने ओलं फडकं त्यांच्याकडे फेकलं. ते नेमकं सरकीशेजारी पडलं. सरकीने वळूनही पाहिलं नाही.

रविवारी हॉल भरला तो माणसांनी. बुद्धाची मूर्ती जागेवर आली, पंचशील झालं, साधना आणि संघदीपने एकमेकांना हार घातले. वरून गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या गेल्या. पंखा सुरू होता. सत्यभामा दाराशी उभी राहून फरशी पाहत होती, आणि फरशीवरून सरकी चालली होती.

मुकुटबनचे व्याही खाली वाकले. आजूबाजूला कुणी पाहत नाही याची खात्री करून त्यांनी हळूच विचारलं, "इकू का?"

सरकीने जोरात मान हलवली.

व्याह्यांचा चेहरा उजळला. ते लगेच मोबाइल घेऊन अंगणात गेले आणि त्यांचा आवाज आत आला, "हलवू नको रे कापूस. नाही सांगते ती." सत्यभामा मात्र माणसांना बाजूला सारत धावली होती. तिने सरकीला उचललं, बॅटरी लावली, कान उलटा केला. आत गुलाबी, स्वच्छ. कानाच्या तोंडाशी एक पाकळी अडकली होती. तिने ती दोन बोटांनी काढली आणि मग कुठे श्वास सोडला.

मान वर केली, तर समोर विहीणबाई उभ्या होत्या. साधनाची होणारी सासू. हातातल्या पाकळीकडे पाहत होत्या आणि डाव्या हाताने कोपर खाजवत होत्या.

"किती हाये तुमच्याकडं?" सत्यभामाने विचारलं.

"दोन खोल्या. देवळीपर्यंत," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी अंगणातल्या नवऱ्याकडे एक नजर टाकली. "लग्नाच्या आधी निघन असं वाटत नाही."

सत्यभामाने पाकळी पदराच्या टोकात बांधली.

"हे सरकी तुमच्याकडं पाठवतो मी," ती हळूच म्हणाली. "हरवायची कशी, ते सांगतो."